झाँ-फ्राँस्वा सेगिये (१७०३–१७८४): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेगिये कोण होते?

झाँ-फ्राँस्वा सेगिये यांचा जन्म २५ नोव्हेंबर १७०३ रोजी दक्षिण फ्रान्समधील नीम या शहरात झाला आणि १ सप्टेंबर १७८४ रोजी त्याच शहरात त्यांचे निधन झाले. वनस्पतिशास्त्रज्ञ, जीवाश्मांचे संग्राहक, नाणकतज्ज्ञ आणि प्राचीन कोरीव लेखांचे अभ्यासक अशी त्यांची चौपदरी ओळख सांगावी लागते. पुरातत्त्वाच्या इतिहासात त्यांचे नाव मुख्यतः एका कामामुळे घेतले जाते. नीममधील ‘मेझों कारे’ या रोमन मंदिराच्या दर्शनी भागावरील लेखाची अक्षरे कधीच नाहीशी झाली होती. ती बसवण्यासाठी दगडात पाडलेली भोके तेवढी उरली होती, आणि त्या भोकांवरून सेगिये यांनी मूळ लेख वाचून दाखवला. हे काम त्यांच्या वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास झाले, आणि त्याआधीची तीस वर्षे ज्या प्रकारच्या अभ्यासात गेली होती ती समजून घेतल्याशिवाय ते कसे साधले हे कळत नाही. म्हणून पुढील उत्तरांत त्यांच्या वनस्पतींना आणि माशांच्या जीवाश्मांनाही पुरेशी जागा दिली आहे.

निसर्गाचा अभ्यासक आणि पुरावस्तूंचा अभ्यासक एकच माणूस कसा असू शकतो?

आज विद्यापीठात या दोन विषयांच्या इमारतीही वेगळ्या असतात, त्यामुळे हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. अठराव्या शतकातील युरोपात मात्र हे दोन्ही छंद एकाच घरात, बहुधा एकाच दालनात नांदत असत. ज्याला ‘कॅबिनेट’ म्हणत त्या खासगी संग्रहात एका कपाटात रोमन नाणी, दुसऱ्यात शिंपले, तिसऱ्यात खनिजे आणि भिंतीशी टेकवलेल्या कोरीव शिळा असा सगळा जामानिमा असे, आणि त्याबद्दल कोणालाही आश्चर्य वाटत नसे. दोन्हींची भाषा लॅटिन होती. दोन्हींची कार्यपद्धतीही जवळपास एकच होती: वस्तू स्वतः पाहायची, ती कोठे मिळाली याची नोंद करायची, तिचे चित्र किंवा ठसा घ्यायचा, पूर्वी कोणी तिचे वर्णन केले आहे का हे छापील ग्रंथांत शोधायचे आणि मग तिला तिच्यासारख्या इतर वस्तूंच्या रांगेत बसवायचे. सेगिये यांच्याबाबतीत हे विशेष खरे आहे, कारण त्यांच्या कामाचा गाभा सिद्धान्त मांडण्यात नसून जुळवाजुळवीत होता. त्यांनी सृष्टीविषयी कोणतीही मोठी उपपत्ती मांडली नाही, आणि माझ्या मते तेच त्यांच्या कामाच्या टिकाऊपणाचे एक कारण आहे.

त्यांचे शिक्षण कोठे झाले?

त्यांचे वडील नीमच्या न्यायालयात अधिकारपदावर होते आणि मुलानेही तीच वाट धरावी अशी घरची अपेक्षा होती, म्हणून त्यांना कायद्याच्या अभ्यासासाठी जवळच्या माँपेलिए शहरात पाठवण्यात आले. माँपेलिएचे वैद्यकीय विद्यापीठ जुने आणि नावाजलेले होते, आणि तेथील वनस्पती-उद्यान १५९३ पासून चालू होते. कायदा शिकायला गेलेला हा विद्यार्थी झाडाझुडपांत रमला. नाण्यांची आवड त्यांना बालपणापासूनच होती. नीम शहर रोमन वसाहतीवरच उभे असल्यामुळे तेथे पाया खणला तरी नाणे, खापर किंवा कोरीव दगड हाती लागत असे, ही परिस्थिती त्या आवडीला पोषकच ठरली.

माफेई कोण होते, आणि सेगिये त्यांच्याबरोबर का गेले?

शिपिओने माफेई (१६७५–१७५५) हे इटलीतील वेरोनाचे सरदार आणि त्या काळी युरोपभर ख्याती असलेले विद्वान होते. ‘मेरोपे’ हे त्यांचे शोकनाट्य १७१३ मध्ये रंगभूमीवर आले होते, परंतु उतारवयात त्यांचा सगळा ओढा प्राचीन लेखांकडे वळला होता. १७३२ मध्ये दक्षिण फ्रान्समधील रोमन अवशेष पाहण्यासाठी ते नीममध्ये आले, तेव्हा शहराची खडान्‌खडा माहिती असलेला अठ्ठावीस वर्षांचा सेगिये त्यांना वाटाड्या म्हणून लाभला. दोघांचे सूर इतके जुळले की सेगिये त्यांच्यासोबतच निघाले. पुढली सुमारे चार वर्षे पॅरिसमध्ये गेली. १७३६ मध्ये दोघे इंग्लंडला गेले, तेथून हॉलंड आणि व्हिएन्ना करीत वेरोनाला पोचले. तेथे सेगिये माफेईंच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७५५ पर्यंत राहिले.

मग ते माफेईंचे नोकर होते, शिष्य होते की सहकारी?

या नात्याला आजच्या पदनामांपैकी एकही नीट बसत नाही. ते चिटणीस होते, कारण पत्रे आणि नकला त्यांच्या हातच्या असत. ते शिष्य होते, कारण लेख वाचण्याचे शिस्तबद्ध शिक्षण त्यांना माफेईंकडून मिळाले. आणि वनस्पती, जीवाश्म व खगोल या विषयांत ते स्वतंत्र अभ्यासक होते. माफेईंच्या पुस्तकांमागे सेगिये यांचे किती श्रम आहेत याचा हिशेब मुखपृष्ठांवरून लागत नाही. उलट बाजूने पाहता, वेरोनातील मुक्काम, तेथील ग्रंथालये आणि युरोपभरच्या विद्वानांशी झालेली ओळख हे सगळे माफेईंमुळेच शक्य झाले, हेही विसरता येत नाही.

‘बिब्लिओथेका बोटानिका’ हा ग्रंथ काय आहे?

१७४० मध्ये हेग येथे छापला गेलेला हा लॅटिन ग्रंथ म्हणजे वनस्पतींविषयी लिहिणाऱ्या लेखकांची आणि त्यांच्या पुस्तकांची सूची आहे. त्यात स्वतः सेगिये यांनी एकाही नव्या वनस्पतीचे वर्णन केलेले नाही. वाचायला ते रुक्ष पुस्तक आहे यात शंका नाही, पण त्याची गरज का होती हे पाहण्यासारखे आहे. त्या काळी एकाच झाडाला प्रत्येक ग्रंथकार वेगळे, पाच-सहा शब्दांचे लांबलचक लॅटिन नाव देत असे, त्यामुळे आपल्या हातातील रोप नवे आहे की पूर्वी कोणी वर्णिलेले आहे हे ठरवण्यासाठी आधीचे सगळे ग्रंथ माहीत असणे अटळ होते. पॅरिस, लंडन आणि हॉलंडमधील ग्रंथसंग्रह हिंडून पाहिलेल्या माणसानेच अशी सूची करावी, आणि प्रवासाची ती वर्षे सेगिये यांनी त्यासाठी वापरली. १७६० मध्ये लायडन येथे या सूचीची पुरवणीसह पुन्हा आवृत्ती निघाली.

वेरोनाच्या वनस्पतींवर त्यांनी काय लिहिले?

‘प्लांटे वेरोनेन्सेस’ या नावाने त्यांनी वेरोना प्रदेशातील वनस्पतींची पद्धतशीर सूची प्रसिद्ध केली. तिचे पहिले दोन खंड १७४५ मध्ये आणि तिसरा, पुरवणीवजा खंड १७५४ मध्ये निघाला. गार्डा सरोवराच्या पूर्वेला उभा असलेला मोंते बाल्दो हा डोंगर या कामाचा मोठा आधार होता. सरोवराकाठच्या ऊबदार हवेपासून उंचावरच्या आल्प्ससारख्या थंड कुरणांपर्यंतचे सगळे हवामान या एकाच डोंगराच्या उतारावर सापडत असल्यामुळे औषधी विक्रेते आणि वैद्य सोळाव्या शतकापासून तेथे झाडपाला गोळा करायला जात. वेरोनाच्या फ्रांचेस्को काल्झोलारी या औषधविक्रेत्याने १५६६ मध्येच त्या सफरीचे वर्णन छापले होते. सेगिये यांनी या परंपरेला शिस्त आणली. कोणती वनस्पती कोठे उगवते हे त्यांनी जागेसह नोंदवले आणि आधीच्या लेखकांनी दिलेली नावे शेजारी मांडली. स्वीडनच्या लिनिअस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. लिनिअस यांनी द्विनाम पद्धतीची, म्हणजे प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव देण्याची, घडी घालून दिली ती १७५३ मध्ये, म्हणजे सेगिये यांच्या मुख्य खंडांनंतर. त्यामुळे वेरोनाच्या या पुस्तकातील नावे जुन्याच वळणाची, लांबलचक आहेत आणि आजच्या वाचकाला ती ओळखण्यासाठी तक्ता शेजारी घेऊन बसावे लागते.

जीवाश्मांचा संबंध कोठून आला?

वेरोनाच्या ईशान्येच्या डोंगराळ भागात बोल्का नावाचे गाव आहे. तेथील चुनखडीचे पातळ थर अलगद सुटे केले की त्यांच्या पोटातून संपूर्ण मासे बाहेर येतात: काटे, पर, शेपटीचे पंख, काही वेळा कातडीवरचे पट्टेसुद्धा शाबूत. आज हे थर सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. अठराव्या शतकात मात्र डोंगरावर मासे कसे आले हा धर्मशास्त्राचाही प्रश्न होता, आणि बायबलमधील महापुराची खूण म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणारे विद्वान कमी नव्हते. सेगिये यांनी या वादात उंच आवाजात भाग घेण्याऐवजी नमुने जमवले. वेरोना भागातील जीवाश्मांवर मोठा ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा विचार होता, परंतु तो छापला गेला नाही. बोल्काच्या माशांवरचे पहिले मोठे सचित्र पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १७९६ पासून प्रसिद्ध होऊ लागले, आणि ते दुसऱ्याच्या हातचे होते. सेगिये यांचे मासे मात्र त्यांच्याबरोबर आल्प्स ओलांडून नीमला आले.

मेझों कारे ही इमारत काय आहे?

मेझों कारे, म्हणजे ‘चौकोनी घर’, हे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभीचे रोमन मंदिर असून ते रोमन जगातील सर्वांत सुस्थितीत राहिलेल्या मंदिरांपैकी एक आहे. उंच जोत्यावर उभ्या असलेल्या या वास्तूला कोरिंथियन शैलीचे तीस स्तंभ आहेत. त्यांपैकी दहा दर्शनी मंडपात मोकळे उभे आहेत आणि उरलेले वीस गाभाऱ्याच्या भिंतींत अर्धे गुंतलेले आहेत. लांबी साधारण २६ मीटर आणि रुंदी साधारण १३ मीटर आहे, म्हणजे नाव चौकोनी असले तरी आकार लांबट आयत आहे. इमारत टिकली ती सतत वापरात राहिल्यामुळे. सेगिये यांच्या काळी ती ऑगस्टिनियन संन्याशांच्या ताब्यात होती. १६७० मध्ये त्यांनी ती घेऊन तिचे चर्च केले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला.

अक्षरे नसताना लेख वाचला, म्हणजे नेमके काय केले?

या एका प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण इंटरनेटवर ते बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकलेले असते.

रोमन लोक महत्त्वाच्या इमारतींवर लेख नेहमीच दगडात कोरत असत असे नाही. अनेकदा अक्षरे काशाची ओतून घेत. प्रत्येक अक्षराच्या पाठीला दोन, तीन किंवा अधिक छोटे खुंट असत. दगडात तेवढीच भोके पाडून, त्यांत वितळलेले शिसे ओतून खुंट पक्के केले जात. पुढे केव्हातरी धातूच्या मोहाने कोणीतरी ती अक्षरे उचकटून नेली. मागे राहिली ती स्तंभांच्या डोक्यावरील आडव्या दगडी पट्ट्यांवरची भोके: वरच्या पट्टीवर एक लांब ओळ आणि खालच्या पट्टीवर मधोमध एक तुलनेने आखूड ओळ. खालून पाहणाऱ्याला ते दगडावरचे देवीच्या रोगाचे व्रण वाटावेत.

सेगिये १७५८ मध्ये परांचीवर चढले आणि त्यांनी प्रत्येक भोक कागदावर जसेच्या तसे उतरवून घेतले. खरी अडचण यानंतर सुरू होते. भोके म्हणजे अक्षरांच्या कडा नव्हेत. एका अक्षराची भोके कोठे संपतात आणि शेजारच्याची कोठे सुरू होतात हे दगड सांगत नाही. एकाच अक्षराच्या दोन प्रतींना ओतणाऱ्याने खुंट वेगवेगळ्या ठिकाणी बसवलेले असू शकतात, आणि दोन वेगळ्या अक्षरांची भोके सारखी दिसू शकतात. रोमन लिपीतील उभ्या दांड्यासारख्या ‘आय’ या अक्षराला एकाखाली एक अशी दोन भोके पुरतात, पण अशी जोडी ‘टी’ किंवा ‘एफ’ या अक्षरांच्या दांड्याचीही असू शकते. त्यामुळे सुट्या अक्षरांवरून वाचन पुढे सरकत नाही. मार्ग काढावा लागतो तो पुनरावृत्तीतून: भोकांचा एखादा लांब समूह त्याच अंतराने, त्याच क्रमाने ओळीत दुसऱ्यांदा आला, तर तेथे तोच शब्द दुसऱ्यांदा आलेला असणार. वरच्या ओळीत अशी पुनरावृत्ती आहे, कारण ‘काएसारी आउगुस्ती’ ही शब्दांची जोडी त्यात दोनदा येते. राजघराण्यातील व्यक्तींची नावे, पदव्या आणि त्यांची संक्षिप्त रूपे रोमन लेखांत कोणत्या क्रमाने येतात हे ज्याने शेकडो लेखांच्या नकला करून हाडीमाशी मुरवले आहे, त्यालाच पुढची वाट दिसते. येथे वेरोनाची एकोणीस वर्षे उपयोगी पडली.

वाचलेला लेख काय आहे?

लॅटिन शब्द देवनागरीत असे लिहिता येतील: ‘क. काएसारी आउगुस्ती फ. कोस. ल. काएसारी आउगुस्ती फ. कोस. देसिग्नातो’, आणि खालच्या ओळीत ‘प्रिन्किपिबुस युवेन्तुतिस’. अर्थ असा (कॉन्सल म्हणजे रोममधील सर्वोच्च पदाधिकारी): ‘ऑगस्टसपुत्र गायस सीझर, कॉन्सल, यांस, ऑगस्टसपुत्र लुशियस सीझर, नियोजित कॉन्सल, यांस, तरुणांच्या या अग्रणींस.’ गायस आणि लुशियस हे सम्राट ऑगस्टसचे नातू. त्याची मुलगी जूलिया आणि सेनापती अग्रिप्पा यांचे मुलगे. ऑगस्टसने त्यांना दत्तक घेऊन आपले वारस ठरवले होते, परंतु लुशियस इ.स. २ मध्ये मार्सेय येथे आणि गायस इ.स. ४ मध्ये आशिया मायनरमध्ये मरण पावला. गायस इ.स. १ मध्ये कॉन्सल झाला आणि लेखात त्याला कॉन्सल म्हटले आहे, यावरून लेख त्याआधीचा असू शकत नाही. ही अर्पणपत्रिका दोघे हयात असताना लागली की त्यांच्या मागे, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत.

सेगिये यांनी हे वाचन पुस्तिकारूपाने पॅरिस येथे १७५९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी ही इमारत म्हणजे सम्राट हेड्रियनने प्लोटिना राणीच्या स्मरणार्थ नीममध्ये बांधलेली बॅसिलिका, म्हणजे सार्वजनिक सभागृह, असावी, असे काही विद्वान मानत होते. नव्या वाचनाने इमारत एकदम शंभरहून अधिक वर्षे मागे गेली.

या लेखाचा भारताशी काही संबंध आहे का?

लेखाचा थेट संबंध नाही, पण त्यातल्या दोन भावांचा आहे. ऑगस्टसने लियोंच्या टांकसाळीत पाडलेल्या चांदीच्या एका नाण्यावर ढाली आणि भाले घेऊन उभे असलेले गायस व लुशियस दिसतात आणि भोवती ‘ऑगस्टसचे पुत्र, नियोजित कॉन्सल, तरुणांचे अग्रणी’ हाच मजकूर संक्षेपाने येतो. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांच्या साठ्यांत हे नाणे मोठ्या संख्येने मिळाले आहे. युरोपातील नाणेसंग्राहकांनाही ते चांगले परिचयाचे होते, आणि नाण्यांच्या नादात वाढलेल्या माणसाला या पदव्यांची मांडणी तोंडपाठ असणे हा योगायोग नव्हे.

हे वाचन आजही मान्य आहे का?

होय. मध्यंतरी त्यावर वाद झाले. एकोणिसाव्या शतकात पहिले अक्षर ‘सी’ (वरच्या वाचनातील ‘क.’, म्हणजे गायस) नसून ‘एम’ (मार्कस) आहे आणि लेख मार्कस ऑरेलियस व लुशियस व्हेरस या खूप नंतरच्या जोडीविषयी आहे असे प्रतिपादन करण्यात आले. एका अक्षराच्या भोकांवरून इमारतीचे वय दीड शतकाने बदलावे, हेच या पद्धतीतील जोखमीचे उत्तम उदाहरण आहे. विसाव्या शतकातील फेरतपासणीने आणि वास्तूच्या शैलीच्या अभ्यासाने सेगिये यांचीच बाजू बळकट झाली.

भोकांवरून वाचण्याची कल्पना त्यांचीच होती का?

नाही. प्रोव्हांस प्रांतातील पेरेस्क (१५८०–१६३७) या विद्वानाला ती सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुचली होती. हे पेरेस्कही निसर्ग आणि पुरावस्तू या दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभे असलेले प्रांतीय संग्राहकच होते. सेगिये यांचे श्रेय ती कल्पना एका अवघड, दोन ओळींच्या लेखावर अखेरपर्यंत तडीस नेण्याचे आणि पडताळता येईल अशा रीतीने छापण्याचे आहे.

त्यांचे सर्वांत मोठे काम अप्रकाशित राहिले असे म्हणतात, ते कोणते?

प्राचीन ग्रीक आणि लॅटिन लेखांची सर्वसमावेशक अनुक्रमणी. माफेईंना सर्व ज्ञात लेखांचा एक महासंग्रह छापायचा होता. तो सिद्धीस गेला नाही, तेव्हा सेगिये यांनी निदान कोणता लेख कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर आला आहे याची सूची तरी पूर्ण करायची असे ठरवून दशकानुदशके काम केले. एकच शिलालेख पाच ग्रंथांत पाच प्रकारे छापलेला असे, कधी ओळी गाळून, कधी गाव चुकवून. ते सगळे पाठ एकाखाली आणणे हे या अनुक्रमणीचे प्रयोजन होते. हस्तलिखिताचे खंड तयार झाले, पण एवढा अवाढव्य आणि विक्रीस अयोग्य मजकूर छापणारा मिळाला नाही. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये लॅटिन लेखांचा महासंग्रह सुरू झाला तेव्हा संपादकांनी सेगिये यांच्या हस्तलिखितांचा उपयोग केला. दक्षिण फ्रान्सविषयीचा बारावा खंड १८८८ मध्ये निघाला, त्यात त्यांचा हवाला वारंवार येतो. ज्या शिळा नंतर फुटल्या, बांधकामात गेल्या किंवा हरवल्या, त्यांच्या बाबतीत सेगिये यांची नक्कल हाच एकमेव आधार उरला आहे, अशीही उदाहरणे आहेत.

त्यांनी थोडे कमी जमवून थोडे अधिक छापले असते तर बरे झाले असते, असे मला वाटते. सूची पूर्ण झाल्याशिवाय ती बाहेर काढायची नाही हा हट्ट त्यांच्या नीटनेटकेपणाचीच दुसरी बाजू होता.

नीममधील घराविषयी एवढे का बोलले जाते?

१७५५ मध्ये परतल्यावर त्यांनी आपले संग्रह मांडता येतील असे घर उभारले. त्यात ग्रंथ, नाणी, जीवाश्म, शिंपले आणि वाळवलेल्या वनस्पती होत्या. बागेत परदेशी झाडे होती आणि तेथेच कोरीव शिळाही ठेवलेल्या होत्या. इटलीकडे जाणारे-येणारे प्रवासी नीमच्या रोमन रंगमंडलासाठी थांबत आणि मग सेगिये यांच्या दारी येत. त्यांनी १७७३ ते १७८३ या काळात भेटीला आलेल्यांची वही ठेवली. तीत हजाराहून अधिक नावे आहेत आणि नावाशेजारी हुद्दा, गाव, क्वचित एखादा शेरा अशा त्रोटक नोंदी आहेत. इंग्रज सरदार, जर्मन प्राध्यापक, लष्करी अधिकारी, धर्मगुरू, स्थानिक वैद्य असे सगळे एकाच वहीत एकाखाली एक आले आहेत. ज्या माणसाने शिळा आणि रोपे यांची नोंद ज्या शिस्तीने ठेवली त्याने पाहुण्यांचीही त्याच शिस्तीने ठेवली, एवढेच खरे तर यात आहे. पण आज इतिहासकारांना अठराव्या शतकातील विद्वानांचे प्रवास आणि ओळखीपाळखी समजून घेण्यासाठी या वहीसारखे साधन दुर्मिळच मिळते.

प्रांतात राहिल्यामुळे त्यांचे नुकसान झाले का?

प्रसिद्धीच्या दृष्टीने झाले असावे. कामाच्या दृष्टीने झाले असे म्हणणे कठीण आहे. नीमची अकादमी १६८२ मध्ये स्थापन झालेली होती आणि सेगिये १७६५ पासून अखेरपर्यंत तिचे कायम चिटणीस होते. पॅरिसच्या अभिलेख व साहित्य अकादमीनेही त्यांना आपल्यात घेतले होते. आव्हिन्यॉंचे वैद्य आणि संग्राहक एस्प्री काल्वे यांच्यासारखे शेजारच्या शहरांतील जाणकार, पॅरिसचे नाणकतज्ज्ञ, इटलीतील जुने स्नेही या सर्वांशी पत्रांनी, बियाण्यांच्या पुड्यांनी आणि नाण्यांच्या ठशांनी देवघेव चालू असे. शिवाय मेझों कारेचा लेख पॅरिसमध्ये बसून वाचता आला नसता. राजधानीतील विद्वान प्रवाशांनी काढलेल्या ढोबळ चित्रांवर अवलंबून असत; सेगिये यांना शंका आली की ते चालत जाऊन पुन्हा पाहू शकत होते.

त्यांच्या नावाच्या वनस्पती कोणत्या?

दक्षिण अमेरिकेतील ‘सेगिएरिया’ या प्रजातीला त्यांचे नाव अठराव्या शतकातच देण्यात आले. युरोपातील ‘डायान्थस सेगिएरी’ ही कार्नेशनच्या गोत्रातील गुलाबी फुलांची रानटी वनस्पती, डोंगरी खडकाळ जागी उगवणारी पांढऱ्या फुलांची ‘रॅननक्युलस सेगिएरी’ आणि चिकाच्या कुळातील ‘युफोर्बिया सेगिएरियाना’ याही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

फ्रान्सच्या राजाच्या दरबारातील चान्सेलर सेगिये हेच का?

नाही. चान्सेलर पिएर सेगिये (१५८८–१६७२) हे चौदाव्या लुईच्या काळातील पॅरिसचे राजपुरुष होते. शोधयंत्रावर केवळ आडनाव टाकल्यास बहुधा तेच समोर येतात.

त्यांच्या संग्रहांचे पुढे काय झाले आणि आज काय पाहता येते?

१७७८ मध्ये त्यांनी घर, ग्रंथ आणि संग्रह नीमच्या अकादमीला दान केले. राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, सर्व अकादम्या बंद करण्यात आल्या आणि संग्रह शहराकडे आले. नीमच्या सार्वजनिक ग्रंथालयाची जडणघडण त्यातूनच झाली. वनस्पती आणि जीवाश्म शहराच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहेत. हस्तलिखिते व पत्रे प्रामुख्याने नगरग्रंथालयात असून, काही महत्त्वाचे खंड पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेले आहेत. नगरग्रंथालय ‘कारे दार’ या नॉर्मन फॉस्टर यांनी आरेखित केलेल्या, १९९३ मध्ये खुल्या झालेल्या काचेच्या इमारतीत आहे, आणि ती मेझों कारेच्या अगदी समोर उभी आहे. मंदिराच्या दर्शनी पट्ट्यांवर अक्षरे पुन्हा बसवलेली नाहीत. लेखाची भोके पाहायची असतील तर दुर्बीण जवळ ठेवावी आणि आधी खालची आखूड ओळ शोधावी, कारण ती मधोमध असल्यामुळे लवकर सापडते आणि तिच्यावरून वरच्या ओळीची आखणी लक्षात येते. शहरातील एका रस्त्याला सेगिये यांचे नाव आहे.